मोठ्याने वाचलेलं जेवण

पळीबाईने हॉटेलात बसून स्वतः काही मागवलंय, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. मागवायची ती पोस्टबाई. कार्ड टेबलावर आलं की ते आपसूक पोस्टबाईच्या हातात जायचं. ती एका नजरेत ते वरून खाली वाचून टाकायची आणि वेटरला सांगायची, "हिच्यासाठी सूप, आणि मला हे, हे आणि हे." छत्तीस वर्षं टपाल कचेरीत उभं राहून तिने पत्रं निवडली होती. पाकीट हातात आलं न आलं तोच ते कुठल्या खणात टाकायचं हे तिला कळायचं. तिच्यापुढे मेनू कार्ड म्हणजे काय, किस झाड की पत्ती!

पळीबाईचं काम वेगळं. मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं तिने वाढप केलं. जेवणाची गाडी ढकलत वॉर्डात जायचं आणि खाटेखाटेवर वाढायचं. हातात कायम पळी, म्हणून डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी तिला पळीबाई केलं, आणि पुढे घरातलेही तेच म्हणू लागले. खाटेला लटकवलेला कागद तिला वाचता यायचा नाही. मग ती माणूस वाचायची. मनगट बघायची, ओठ बघायची, उशी सरकवली आहे की तशीच आहे ते बघायची. ज्याचे पाय चादरीबाहेर आलेत त्याला एक पळी जास्त. ज्याने भिंतीकडे तोंड केलंय त्याला अर्धी, पण दोनदा. बिनमिठाच्या डब्याला ती लाल दोरा बांधायची, पातळ जेवणाच्या डब्याला पांढरा. ज्या वॉर्डात तिची गाडी जाई तिथली ताटं चाटूनपुसून परत येत. भांडी घासणाऱ्या बायका म्हणायच्या, "पळीबाईचा वॉर्ड असला की आम्हाला आराम." हे वाक्य तिने एखाद्या दागिन्यासारखं जपून ठेवलं होतं.

आता अशा बाईला पोस्टबाईसारखी मैत्रीण मिळावी म्हणजे गंमतच. पोस्टबाई हौसेने तिघांचं मागवायची आणि त्यातलं अर्धं ताटात ठेवायची. "थोडं राहिलं की माणूस तृप्त दिसतो," हे तिच्या सासूबाईंचं म्हणणं तिने अगदी मनावर घेतलं होतं. पळीबाई तिचं ताट आपल्याकडे ओढायची आणि संपवायची. मग घरी जाताना एक हात पोटावर आणि दुसरा पोस्टबाईच्या खांद्यावर.

"तुला कोणी सांगितलं होतं संपवायला?" पोस्टबाई विचारायची.

"तुला कोणी सांगितलं होतं मागवायला?"

असं वर्षातून दोनदा. पण या वेळी जेवायला बोलावलं होतं पळीबाईने.

कारण असं, की गेले आठ महिने पळीबाई लिहायला-वाचायला शिकत होती. वय वर्षं बहात्तर. शिकवणारी नातसून. दुपारची भांडी आवरली की दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायच्या. नातसून अक्षरावर बोट ठेवायची, पळीबाई आवाज काढायची, नातसून म्हणायची, "हं, पुढे?" बस, एवढंच. चुकलं तरी "पुढे?", बरोबर आलं तरी "पुढे?" अशी पुढे पुढे जात पळीबाई औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रातले मोठे मथळे वाचू लागली. फक्त एक होतं, मनातल्या मनात वाचणं तिला जमत नव्हतं. अक्षर तोंडातून बाहेर पडून कानावर आलं तरच ते तिला खरं वाटायचं.

यातलं तिने पोस्टबाईला काहीच सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं लेकीची पत्रं, कचेरीचे कागद, डॉक्टरच्या चिठ्ठ्या सगळं पोस्टबाईने वाचून दाखवलं होतं. वाचून झालं की ती हमखास म्हणायची, "तुला काय काळजी, मी आहे ना." या शब्दांनी पळीबाईला एके काळी केवढा धीर यायचा. अलीकडे मात्र ते शब्द कुसळासारखे टोचू लागले होते. आज हॉटेलात बसून, कार्ड हातात धरून, पोस्टबाईच्या तोंडावर वाचून दाखवायचं. तिचा चष्मा नाकावरून घसरलेला बघायचा. एवढ्यासाठी पळीबाईने नवी साडी नेसली होती.

हॉटेल साधंच होतं. काचेची टेबलं, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, भिंतीवर एक मोठं घड्याळ. दुपारचा एक वाजला होता. पोस्टबाई हात धुवायला गेली आणि तिथे तिला तिच्या कचेरीतली कोणी जुनी बाई भेटली. झालं, पाच मिनिटांची निश्चिंती! पळीबाईने मान वळवून अंदाज घेतला, कार्ड पुढे ओढलं आणि ठरवलं, ती यायच्या आत एकदा घोकून घ्यावं. तिच्यासमोर अडखळायला नको.

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "टो... मॅ... टोचं सूप."

शेजारी वेटर येऊन उभा राहिला होता. पन्नाशीचा, शांत माणूस, कानावर पेन. त्याने पेन काढलं आणि म्हणाला, "हं."

पळीबाईला बरं वाटलं. कोणी ऐकणारं असलं की वाचायला हुरूप येतो. "भाजलेले बटाटे, लसूण लावून."

"हं. पुढे?"

पुढे! अगदी नातसुनेसारखं! पळीबाई खुलली. "चण्याचा रस्सा. पालक घातलेला भात. तळलेला मासा." मासा तर तिने एका दमात वाचला. बोट खाली खाली सरकत होतं, वेटर मान हलवत होता, आणि पळीबाईचा आवाज चढत होता. कोबी आणि मटार. कांदा घालून अंडी. भरलेली मिरची. शेवटी, "कापलेली फळं, मधासकट."

"झालं?" वेटरने विचारलं.

"झालं बाई," पळीबाई खुर्चीला टेकून म्हणाली. "दमले."

"दमणारच मावशी," वेटर कौतुकाने म्हणाला आणि गेला.

काय चांगला माणूस, पळीबाईच्या मनात आलं. एवढ्या कामात उभं राहून ऐकलं.

पोस्टबाई पदराला हात पुसत आली, बसली आणि सवयीने हात पुढे केला. "दे इकडे. तुला सूप सांगते, मला..."

"थांब," पळीबाईने कार्ड छातीशी धरलं. "आज मी वाचते."

"काय करतेस?"

"वाचते. टोमॅटोचं सूप. भाजलेले बटाटे, लसूण लावून."

पोस्टबाईचा चष्मा खरोखरच घसरला. तो नाकाच्या शेंड्यावर थांबला आणि ती त्याच्यावरून बघत राहिली. पळीबाईला वाटलं, या एका नजरेसाठी आठ महिने काय, आठ वर्षंसुद्धा बसले असते.

"कधी शिकलीस?"

"झाले आठ महिने."

"आणि मला बोलली नाहीस?"

"आज बोलले की." पळीबाईने मान ताठ करून जाणाऱ्या वेटरला हाक मारली. "दादा, एक सूप आणि बटाटे. दोघींत."

"ते आहेच मावशी त्यात," तो म्हणाला आणि लगबगीने आत गेला. कशात आहे ते दोघींनाही कळलं नाही, पण आनंदात असल्या गोष्टींकडे कोण लक्ष देतं?

मग जेवण यायला लागलं.

आधी सूप आलं, बटाटे आले. मग चण्याचा रस्सा आला. पोस्टबाई म्हणाली, "हे शेजारच्या टेबलाचं असेल." मग भात आला. मासा आला, अख्खा, शेपटीसकट. कोबी आली, अंडी आली. पाण्याचा तांब्या ठेवायला जागा उरली नाही म्हणून वेटरने तो पलीकडच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवला.

"अहो दादा, हे कोणाचं?" पोस्टबाईने विचारलं.

"तुमचंच की. मावशींनी सांगितलं." त्याने वही पुढे धरली. पोस्टबाईने वही बघितली, कार्ड बघितलं, पुन्हा वही बघितली. टपाल निवडणारी बाई ती, तिला उशीर कशाला लागतोय?

"वरपासून खालपर्यंत," ती हळूच म्हणाली. "नऊच्या नऊ, ओळीने." मग तिच्या तोंडावर हसू यायला लागलं. "अगं, तुला वाचताबिचता काही येत नाही. पहिल्या दोन ओळी नातसुनेकडून पाठ करून आलीस, आणि बाकीच्यांवर नुसतं बोट फिरवलंस! बरोबर की नाही? कशाला हा खटाटोप? मी आहे ना."

पळीबाईच्या कानशिलांना आग लागली. खरं सांगावं, तर लहान पोरासारखं मोठ्याने घोकत होते हे सांगावं लागणार. खोटं सांगावं, तर समोर सात भांडी वाफाळत उभी. तिच्या तोंडून निघालं, "मुद्दाम मागवलं. आज खायचंय."

"एवढं? दोघी मिळून दीडशे वर्षांच्या आपण!"

पळीबाई कार्डाचा कोपरा मुडपत राहिली. पोस्टबाईला तिची दया आली असावी. पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "जाऊ दे गं. जेवढं जाईल तेवढं खाऊ, बाकीचं राहू दे. लोक ठेवतातच." आणि तिने आपला चमचा रश्शाकडे नेला.

राहू दे. एकतीस वर्षं पळीबाईच्या वॉर्डात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. अक्षर येतं की येत नाही याचं काय व्हायचं ते होवो, पण पळीबाईने मागवलेलं अन्न बादलीत जाणार? ती ताडकन उठली आणि तिने पोस्टबाईचं मनगट धरलं.

"तुझा चमचा त्यात घालू नकोस!"

"अगं, काय झालं?"

"उष्टं झालं की ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही. ठेव तो चमचा. दादा, इकडे या. नऊ सांगितले, सात आले. दोन कुठे आहेत?"

वेटर जरा दचकलाच. आवाजच तसा होता. "मिरच्या भट्टीत जायच्यात अजून. फळं कापायची आहेत."

"कापू नका. मिरच्याही थांबवा. आणि मला एक स्वच्छ पळी आणा. लांब दांड्याची. दोन रिकामी ताटं आणि पार्सलचे डबे."

"अगं, लोक बघतायत," पोस्टबाई कुजबुजली. "पार्सल काय? लोक म्हणतील, घरी चूल पेटत नाही यांची."

"बघू देत. साठ साठ माणसं बघत असायची मी वाढताना. कोणाला लाज वाटली नाही."

पळी आली. ती हातात पडल्याबरोबर पळीबाईचा खांदा आपोआप खाली आला, कोपर अंगाशी गेलं आणि ती वाढू लागली. आधी पोस्टबाईचं ताट. भाताची एक पळी, काठोकाठ नाही. माशाचा शेपटीकडचा तुकडा. तीन बटाटे, दोन चमचे कोबी. सूप अर्धी वाटी.

"एवढंच?" पोस्टबाईने तोंड वाकडं केलं.

"तुला एवढंच लागतं. चाळीस वर्षं बघतेय मी तुझं ताट. तू अर्धं टाकतेस ते तृप्त दिसायला नाही, दुप्पट घेतेस म्हणून. जेव आता."

दोघी जेवल्या. पोस्टबाई सुरुवातीला फुगून जेवत होती, मग नुसती जेवत होती. शेवटी तिने उरलेल्या बटाट्याने ताट पुसून घेतलं आणि स्वच्छ ताटाकडे अशी बघत राहिली की जणू ते दुसऱ्याच कोणाचं आहे. आपला हात अजून चुकत नाही, एवढं पळीबाईने मनाशी नोंदवलं.

मग तिने डबे भरायला घेतले. भरताना ती डोळे बारीक करून समोर बघायची, जणू तिथे तो माणूस खाटेवर बसलाय. पोस्टबाईच्या खालच्या मजल्यावर राहणारी शिंपीण पाय मोडून महिनाभर घरात पडून होती. तिला कोबी आणि थोडा भात, दोन लहान डब्यांत. कारण पडून राहिलेल्या माणसाला एकदम जात नाही. इमारतीच्या रखवालदाराला चणे आणि मोठी मूद भाताची. तो उभ्याने जेवतो आणि उभ्याने जेवणाऱ्याला जास्त लागतं. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला अंडी. घरी लेकाला मासा.

"आणि नातसुनेला?" पोस्टबाईने विचारलं.

"तिला बटाटे. माशाचा वास चालत नाही तिला सध्या."

पोस्टबाईने भुवया वर केल्या. पळीबाईने मान हलवली. दोघी गालात हसल्या.

शेवटचा डबा पोस्टबाईचा. रात्रीसाठी, भात आणि चणे.

वेटरने डब्यांबरोबर दोऱ्याचं रीळ आणलं होतं. पळीबाईचा हात सवयीने रिळाकडे गेला. शिंपिणीला मीठ कमी सांगितलंय. कोबीत मीठ बेताचंच होतं, अंड्यांत मात्र जास्त. डबे सगळे सारखेच, अदलाबदल व्हायला नको. दोरा तिने बोटाला गुंडाळलासुद्धा. मग ती थांबली. दोरा सोडवून तिने रीळ बाजूला सारलं.

"दादा, ते कानावरचं पेन द्या. आणि चार कागद, चिकटपट्टी."

टेबलावर कागद ठेवून ती लिहू लागली. पेन तिने पळीसारखंच धरलं होतं, मुठीत. प्रत्येक अक्षर आधी तोंडातून बाहेर येत होतं, मग कागदावर उतरत होतं. "शिं... पी... ण. को... बी. मी... ठ क... मी." ओळ डावीकडून निघायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत डोंगर चढून जायची. वेटर बघत उभा होता. पलीकडच्या टेबलावरच्या दोन माणसांनी जेवायचं थांबवलं होतं. पोस्टबाई पुढे वाकून बघत होती आणि तिच्या नाकावर चष्मा उरलाच नव्हता, तो हातात आला होता.

पहिली चिठ्ठी संपवून पळीबाईने वर बघितलं.

"हे पण पाठ करून आले का गं?"

पोस्टबाईने चिठ्ठी आपल्याकडे ओढली.

"नऊच्या नऊ मी वाचले," पळीबाई म्हणाली. आता तिला लाज वाटत नव्हती. "मागवत नव्हते गं, वाचत होते. मला मनातल्या मनात येत नाही अजून, मोठ्यानेच येतं. तू यायच्या आधी एकदा घोकून घ्यावं म्हटलं. तर हे दादा उभे राहून पुढे, पुढे करायला लागले. मला वाटलं, कौतुकाने ऐकतायत!"

"अरे देवा!" वेटरने कपाळावर हात मारला. "आणि मी लिहीत बसलो! माझ्या मनात आलं, मावशींकडे पाहुणे येणार असतील."

पोस्टबाई हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी मग बराच वेळ थांबेना. ते सगळंच हसण्याचं नव्हतं. तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि चिठ्ठी उचलून डोळ्यांपाशी धरली.

"अक्षर भयंकर आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पण याहून भयंकर अक्षरातली पत्रं निवडलीत मी. एकही परत आलं नाही." तिने चिठ्ठी टेबलावर नीट ठेवली. "लिही पुढे. मी लावून घेते."

मग पळीबाई लिहीत गेली आणि पोस्टबाई चिकटवत गेली. चिकटवता चिकटवता तिने डबे वाटेप्रमाणे लावले. कोपऱ्यावरचा चावीवाला सगळ्यांत वर, मग रखवालदार, मग जिना चढून शिंपीण, शेवटी घरचे. हात असे चालत होते की छत्तीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटावं. "खालचं वर आणि वरचं खाली झालं तर दोन फेऱ्या पडतात," ती वेटरला समजावत होती. तोही ऐकत होता.

निघताना वेटर एक चिठ्ठी घेऊन आला. ती पोस्टबाईच्या डब्यावर लावायची राहून गेली होती. पोस्टबाईने हात पुढे केला, तर पळीबाईने ती मधेच घेतली, स्वतः चिकटवली आणि चिठ्ठीची बाजू आत वळवून डबा पिशवीत ठेवला. "घरी जाऊन बघ."

दोन पिशव्या घेऊन दोघी भर दुपारी रस्त्याने निघाल्या. पोस्टबाईला सकाळी कोणी सांगितलं असतं की हॉटेलातली पार्सलं घेऊन तू उन्हात दारोदार हिंडशील, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण हातात टपाल आल्यासारखी तिची चालच बदलली होती. चावीवाल्याने डबा उलटसुलट करून बघितला. "अंडी. चावीवाला," त्याने वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

"हिने," पोस्टबाईने सांगितलं. रखवालदाराने विचारायच्या आतच सांगितलं. शिंपिणीच्या दारात तर ती आत शिरायच्या आधीच म्हणाली, "आधी चिठ्ठी वाच, मग डबा उघड. हिचं अक्षर आहे." पळीबाई मागे उभी राहून पदर चाळवत होती. शेजारणीने लेकाचं कौतुक करावं आणि आपण नुसतं उभं राहावं, तसं तिचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. नातसुनेने उघडलं तर पायरीवर घासूनपुसून लख्ख केलेला डबा, आणि जिन्यावरून खाली उतरणाऱ्या चपलांचा आवाज. डब्यावर कालची चिठ्ठी होती, डोंगर चढणाऱ्या अक्षरांतली. पोस्टबाई. रात्री खा. ठेवू नको. आणि तिच्याखाली दुसरा कागद, घडी घातलेला, वर टपालासारखा नीट पत्ता, आधी नाव आणि मग मजला.

"आजी, तुम्हाला पत्र आलंय," नातसून म्हणाली आणि सवयीने घडी उलगडू लागली.

"थांब," स्वयंपाकघरातून आवाज आला. पळीबाई हात पुसत आली. चाळीस वर्षांत पोस्टबाईने तिची शेकडो पत्रं वाचली होती, पण तिला एकही लिहिलं नव्हतं. लिहून उपयोग काय होता? वाचायला पुन्हा स्वतःच यावं लागलं असतं.

पळीबाईने कागद खिडकीपाशी नेला, ओळीवर बोट ठेवलं आणि घर भरेल एवढ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"पळीबाईस. सगळं संप... वलं. भात सुद्धा. डबा चाटून मग घासला. पुढच्या वेळी कार्ड तुझ्याकडे. फक्त मी हात धुऊन येईपर्यंत तोंड बंद ठेव."

आतल्या खोलीतून लेकाने ओरडून विचारलं, "कोणाचं पत्र आहे गं?"

"ऐकू आलं नाही?" पळीबाई म्हणाली. "थांब, पुन्हा वाचते." आणि तिने बोट वर, पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं.